ढालीचा फोटो

मालोजीच्या भाताला कर्जतच्या प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला आणि फिरती ढाल वर्षभरासाठी कुंभिवलीत त्याच्या घरी आली. "काढू की फोटो, ढाल काय पळून जाते?" असं म्हणत म्हाताऱ्यानं वर्ष घालवलं. आता उद्या ढाल परत द्यायची, आणि कर्जतचा फोटोग्राफर ऐनवेळी लग्नाच्या कामाला गेलेला. मालोजीचं तोंड एवढंसं झालं.

"आत्याबाई, माज्याकडं कॅमेरा हाय," सून विमल सासूला हळूच म्हणाली.

बापानं लग्नात दिलेला घडीचा कॅमेरा तिच्या ट्रंकेत साड्यांखाली पडून होता. फोटो काढायलाही बापानंच शिकवलेलं. पण चुलतसासू मोतीबाईनं पहिल्याच दिवशी फर्मान सोडलं होतं, की डोळ्याला पेटी लावून पुरुषांकडं बघणारी सून आमच्यात चालत नाय. आताही ती फणकारली, "सासऱ्याकडं मान वर करून बगनार व्हय गं?" नवरा येसाजी भिवपुरीच्या वीजघरात ड्यूटीवर; आणि असता तरी त्याला कॅमेरा देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!

"मान वर नाय करायची मी. खाली बगूनच काढते," विमल म्हणाली.

अंगणात तिनं बटण दाबलं. झाकण खाली आलं आणि लोहाराकडं असतो तसला इवलासा काळा भाता पुढं सरकला. त्याच्या डोक्यावर बोटभर आरशाची खिडकी होती. कॅमेरा पोटाशी धरून वरून तिच्यात पाहिलं, की समोरचा माणूस दिसे. डोईवर पदर, मान खाली. मोतीबाईनं चारी बाजूंनी फिरून पाहिलं, पण नाव ठेवायला जागाच सापडेना.

आजवर विमलनं सासऱ्याचे फक्त पाय पाहिले होते. आता खिडकीत फेटा दिसला, ढाल दिसली, पांढऱ्या मिश्या दिसल्या. पण डोळे? ते जमिनीवर! सासऱ्यानंही सुनेकडं बघायचं नसतं. म्हातारा रिवाज पाळत होता. ढाल चोरताना पकडल्यासारखा दिसत होता बिचारा.

"आत्याबाई, त्यांना वर बगाय सांगा."

सासूनं सांगितलं. मालोजीनं थेट आंब्याच्या शेंड्याकडं पाहिलं.

ऊन उतरत चाललं होतं. आज फोटो फसला, तर कॅमेरा जन्मभर ट्रंकेत जाणार.

"मामंजी!" तिचा आवाज अंगणात कडाडला. "हिकडं बगा! माज्याकडं!"

मोतीबाईनं आ वासला. मालोजी दचकला, त्यानं सरळ सुनेकडं पाहिलं, आणि त्याला हसूच फुटलं. तेवढ्यात विमलनं खटका दाबला.

फोटो असा झकास आला, की वाटेनं जाणाऱ्याला हाका मारमारून मालोजी दाखवू लागला. "माज्या सुनंनं काढला. वरडून काढला!"

ढाल गेली होती, तिचा खिळा रिकामा होता. तिथं फोटो लागणार असं सगळ्यांना वाटलं. मालोजीनं फोटो शेजारी लावला आणि ढालीच्या खिळ्याला पट्ट्यानं कॅमेरा अडकवला.

"ह्यो परत ट्रंकेत गेला, तर माज्याशी गाठ हाय," तो मोतीबाईकडं बघून गरजला.

मोतीबाई नवं लुगडं नेसून दारात उभी होती.

"ट्रंकेत कशाला?" ती म्हणाली. "आदी माजा काडू दे. आन् मोठ्यानं वरड गं विमल, मला कमी आयकू येतं."