गुरुवारची पंगत

अनुदान पुढे चालू हवं असेल, तर तुमच्यामुळे माणसांत काय फरक पडला ते दाखवा, असं सरकारी मार्गदर्शन होतं. हेझलला त्यात काही वावगं वाटलं नाही. इंग्लंडात डरहॅमकडच्या एका बंद कोळसा खाणीच्या गावात, चॅपलच्या हॉलमध्ये, ती दर गुरुवारी म्हाताऱ्यांना जेवू घालायची. फरक आंधळ्यालाही दिसला असता. कथबर्ट बायको गेल्यावर जवळजवळ मुकाच झाला होता. आता खिडकीजवळच्या खुर्चीसाठी हमरीतुमरीवर यायचा.

तपासणीच्या बाई येणार त्या दिवशी तिने सगळ्यांना कळवळून सांगितलं, "खरं तेच बोला. आधी एकटं वाटायचं, हे सांगा. नाहीतर इथे कुलूप लागेल."

"सांगू की, पोरी! त्यात काय अवघड?" कथबर्ट म्हणाला.

अवघडच होतं. खाणीत बोट गमावून आलेली माणसंही या गावात 'जरा खरचटलंय' म्हणायची. त्यातून बाई परक्या, आणि गोड बोलणाऱ्या.

"इथे यायला लागण्याआधी कितपत एकटं वाटायचं तुम्हाला?"

"एकटं? छे हो!" कथबर्ट हसला. "रेडिओ आहे, भाजीचा वाफा आहे. मजेत होतो."

"आणि आता?"

"आताही मजेत."

मागे किटली घेऊन उभ्या हेझलला वाटलं, ती याच्या टकलावर रिकामी करावी. टेबलभर तीच तऱ्हा. एनिडबाईंनी तर कमाल केली. "आमच्याहून गरजू असतील कोणी, त्यांना द्या," म्हणाल्या.

बाईंनी खोटं काही लिहिलं नाही. आधी ठीक, आता ठीक, फरक काही नाही. अनुदान बंद झालं. शेवटच्या जेवणाला सगळ्यांनी उलट हेझलचीच समजूत घातली.

पुढच्या गुरुवारी ती भांडी न्यायला हॉलवर गेली, तर दारात कथबर्ट. इस्त्रीचा शर्ट, टाय, चकचकीत बूट.

"कथबर्ट, बंद झालंय ना आता?"

"ठाऊक आहे गं. सहज इकडून चाललो होतो."

त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि गुडघा असा, की सहज तो कुठेच जात नसे.

"घरी सोडू तुम्हाला?"

"नको, तुला कामं असतील."

तिने भांडी गाडीत भरली. तो हलला नाही. शेवटी, तिच्याकडे न बघताच, त्याने विचारलं, "आज असतं, तर काय केलं असतंस गं जेवायला?"

हेझलने सांगितलं. मग त्याने गोडाचंही विचारलं.