टेकडी तेवढी तीच ठेवली

मी एक जुना संगणक आहे. जुना म्हटल्यावर लगेच हळहळू नका, मित्रांनो. हळहळणारे मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांतल्या एकानेही माझ्यावरची धूळ पुसली नाही.

माझी जुळणी मुंबईची. एका कचेरीत मी उमेदीची वर्षे राबलो. तिथे नकोसा झालो तेव्हा मला मुंबईत राहणाऱ्या एका गावच्या लोकांच्या मंडळाच्या गळ्यात मारले गेले. मंडळाने मला महाड तालुक्यात, वरंधच्या रस्त्यावरच्या आपल्या गावी, वाचनालयात आणून बसवले. नारळ फुटला, हार पडला, फोटो निघाले. मग गावकीचे अध्यक्ष भागोजीतात्या यांनी माझ्यावर चादर पांघरली आणि किल्ली आपल्या घरी नेऊन टांगली. पुढे दसऱ्याला तेवढी माझी पूजा होई. बाकी वर्षभर सोबतीला उंदीर.

माझ्या पोटात जी प्रणाली होती, जिच्याशिवाय संगणक म्हणजे नुसता डबा, तिला मी साहेब म्हणतो. साऱ्या जगात त्याचेच राज्य, म्हणून माझ्यातही तोच. तो जागा होईपर्यंत सकाळची दुपार होई. जागा झाला की स्वतःला सुधारायला बसे, आणि सुधारून झाला की आधीपेक्षा मंद होई. त्यातून हा साहेब चोरून आणलेला. पडद्यावर हिरव्या टेकडीचे चित्र असे आणि त्याच्या कोपऱ्यात 'ही प्रत अस्सल नाही' असे इंग्रजीत कायम झळके. तात्या ते कंपनीचे नाव समजून पाहुण्यांना कौतुकाने दाखवत.

गेल्या वर्षी याच साहेबाने कळवले की नव्या आवृत्तीसाठी हे यंत्र अपात्र आहे, दुसरे घ्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

नेमकी तेव्हाच निशिगंधाला माझी गरज पडली. ही गावची सून, बारावी शिकलेली. नवरा महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. पोलादपूरला एका पतसंस्थेत जागा निघाली होती, पण मराठी टायपिंगची चाचणी होती. सासूने, गोदूबाईंनी, बजावले होते, "येकदाच देऊन बघ गो. नाय जमलं तर शेळ्या हायतच."

ती किल्ली मागून रोज येई. साहेब घुटमळत राही आणि तिची घरी जायची वेळ होई. एकदा तिचे पान पुरे होत आले असताना साहेब मध्येच सगळे बंद करून सुधारायला बसला. पान गेले. ती रडली. मला त्याची किळस आली.

शाळेतले धम्मपाल सर म्हणाले, दुसरी प्रणाली आहे. हलकी आहे, जुन्या यंत्रावरही पळते, आणि कायदेशीर असून फुकट आहे. त्यावर गावकी बसली. सरांना बोलावणे नव्हते. ते बौद्धवाडीतले, आणि बौद्धवाडीला गावकीत बोलावत नाहीत.

"फुकाट मिळतंय म्हंजे खोट आसनार," तात्या म्हणाले. "आन आनतोय कोन, त्ये बी बगा."

माना डोलल्या. चोरीचा चालेल, फुकटचा नको, आणि बौद्धवाडीतून आलेला तर मुळीच नको! एवढी अक्कल त्या एका खोलीत मावली कशी, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी निशिगंधाने साफसफाईच्या निमित्ताने किल्ली आणली आणि सरांना बोलावले. सर बिचकले. "गावकीचं काय?"

"पडद्यावरची हिरवी टेकडी तेवढी तीच ठेवा, सर. तिच्यापलीकडचं इथं कोनाला काय म्हाईत हाय?"

साहेब गेला. मला सुटल्यासारखे वाटले. तात्या येऊन टेकडी पाहून समाधानाने परत गेले; कोपऱ्यातले 'कंपनीचे नाव' गेलेले त्यांच्या लक्षातही आले नाही. निशिगंधाची बोटे आता अडत नव्हती. तिने चाचणी दिली आणि जागा मिळवली. मग संध्याकाळी ती गावातल्या आणि बौद्धवाडीतल्या पोरींना माझ्यासमोर बसवून शिकवू लागली.

गावकीने वाचनालयात तिचा सत्कार ठेवला. तात्यांनी माईक धरला. "आमी भायेरचं काय घुसू दिलं नाय, म्हनून हा दिवस दिसला!" टाळ्या पडल्या. धम्मपाल सर दाराबाहेर उभे होते.

निशिगंधाने माईक घेतला. "तात्या, जुनं कवाच गेलं. मी शिकले ती सरांनी बसवलेल्यावर."

तात्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "काढून टाका आत्ताच्या आत्ता! बिगडवलान मशीन!"

पोरी घाबरल्या. मीही घाबरलो, कारण साहेब परत आला असता तर या पोरींचे शिकणे तिथेच संपले असते.

तेव्हा गोदूबाई उठल्या. "काढा की. पन काय बिगाडलंय त्ये आदी दावा. बसा खुर्चीवर."

इतक्या वर्षांत तात्या माझ्यासमोर प्रथमच बसले. बराच वेळ त्यांनी इकडेतिकडे हात फिरवला आणि शेवटी पडद्याचे बटण दाबले. पडदा काळा झाला.

"बगा! बंद पडला! मी सांगतच हुतो!"

एका पोरीने हात लांबवून तेच बटण पुन्हा दाबले. पडदा उजळला. आधी पोरी हसल्या, मग बाया, मग गावकीसुद्धा. तात्या उठले आणि चपला शोधू लागले.

"सर, आत या," निशिगंधा म्हणाली. "खुर्ची रिकामी झालीय."

सर आत आले आणि बसले. मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर मला झाकू नका, वापरा. आणि ज्याने मला चालते केले, त्याला दाराबाहेर उभे ठेवू नका.