सत्तेचाळीस डिग्रीचा माणूस

मी नागपूरचा. त्यामुळे उन्हाबद्दल मला कोणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. पुणेकराने तर मुळीच नाही.

"माणशी सहा लिटर पाणी," गाडीत सामान भरताना उल्का, म्हणजे माझी पुणेकर बायको, म्हणाली. "पहाटे चढायचं, दहाच्या आत खाली. उन्हात शिकारीचं मांस नासतं."

"कॅनडातले छत्तीस डिग्री म्हणजे आमच्या नागपूरची थंडी! मी सत्तेचाळीसमध्ये वाढलोय," मी म्हणालो, आणि तिच्या नकळत सॅकमधून पाणी काढून कॅमेरा भरला. उल्काची शिकार म्हणजे फोटो हवाच. चार सीझन ती आमच्या गावाहून, कोक्विटलामहून, रायफल घेऊन जात होती आणि रिकाम्या हाताने परतत होती. यंदा ओसोयूसच्या वाळवंटी टेकड्यांवर तिला पहिलं हरिण मिळणार, असं तिचं मन सांगत होतं.

माझी एकुलती एक बाटली सातलाच संपली. मागायची कशी? नागपुरी अभिमान आडवा आला. साडेनऊला डोकं ठणकू लागलं.

नेमका तेव्हाच तो दिसला. दीडशे मीटरवर, चांगल्या मोठ्या शिंगांचा नर. उल्काने रायफल खांद्याला लावली.

"कॅमेरा काढ," ती कुजबुजली.

मी काहीतरी बरळलो आणि मटकन खाली बसलो. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, मग नराकडे. नर अजून तिथेच उभा होता.

तिने रायफलमधल्या गोळ्या काढल्या. मला ओढत एका पाइनच्या सावलीत नेलं, मानेवर पाणी ओतलं, घोट घोट पाजलं. तेवढ्यात नर टेकडीपलीकडे गेला.

"गेला ना गं," मी म्हणालो. मला रडूच आलं. "चार वर्षं…"

"गप. पी."

संध्याकाळी मोटेलवर माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला.

"शिकार मिळाली का गं?"

"मिळाली ना, आई. चौऱ्याऐंशी किलोची. धरून धरून खाली आणली," उल्काने फोन माझ्याकडे फिरवला आणि सगळं सांगितलं.

आई मग म्हणाली, "काहून रे? कोणतं ऊन पाहिलं तू? आख्खा मे महिना कूलरसमोरून हलत नव्हता ना!"