माझ्या दोन मुठी

खर्र… खर्र… एकदा इकडून, एकदा तिकडून. ओल्या ओंडक्यात मला पहिल्यांदा उतरवलं, तेव्हा ऐकलेला हा आवाज अजून माझ्या दातांत आहे.

मी दोन मुठींची करवत बोलतेय. लांबलचक पातं आणि दोन्ही टोकांना एकेक मूठ. मला एकट्याने चालवता येत नाही. एकाने ओढायचं, तेव्हा दुसऱ्याने हात सैल ठेवायचा. मूठ मात्र सोडायची नाही. मग त्याची पाळी. एवढंच. पण हे एवढंच माणसांना का जमत नाही, देव जाणे!

माझे मालक दोन सुतार, एक उंच आणि एक बुटका. दोघे साडू, आणि बाप्तिस्माही एकाच दिवशी घेतलेला. प्रार्थनामंदिराचे बाक, दारं, खिडक्या, सगळं माझ्या दातांखालून गेलं. काम करताना दोघे गीत म्हणत. बुटक्याचा सूर हमखास घसरायचा. "साडूभाऊ, लाकूड रडतंय हो," उंच म्हणायचा, आणि त्यांच्या हसण्यात मी मध्येच अडकायचे.

मग नवं व्यासपीठ झालं. पाळकसाहेबांनी उपासनेत आभार मानले ते एकट्या उंच सुताराचे. बुटक्याचं नाव घ्यायला ते विसरलेच. झालं!

"तुम्ही तिथल्या तिथे सांगायचंत, दोघांनी केलंय म्हणून!" बुटका उंचावर उखडला.

"भर उपासनेत उठून बोलू? शोभतं का ते?"

शब्दाने शब्द वाढला. बुटक्याने पाना घेऊन आपली मूठ काढली आणि घरी नेली. मग उंचानेही आपली नेली. माझं नुसतं पातं मंदिरामागच्या खोलीत खिळ्याला टांगलं.

भिंतीपलीकडचं सगळं मला फटीतून दिसायचं, ऐकू यायचं. दोघे प्रभुभोजनाला येत, एकाच भाकरीतला तुकडा घेत, एकाच प्याल्यातून पीत. आणि मग प्रार्थना! "प्रभू, काही भावांचा मोठेपणा उतरव," बुटका म्हणे. लगेच पलीकडून, "प्रभू, काही भावांचा रुसवा काढ." आणि मंडळी दोन्हीला म्हणे, "आमेन." अरे, कशाला आमेन म्हणताय ते तरी बघा! पाळकसाहेबांनी विश्वासणाऱ्यांच्या सहभागितेवर, म्हणजे एकमेकांशी जोडून राहण्यावर, उपदेश केला. दोघांनी माना डोलावल्या, एकमेकांकडे न बघता. मी इकडे गंजत होते.

अशात वादळ झालं आणि मंदिर झाडणाऱ्या मावशीच्या घरावर झाड पडलं. मावशी वाचली, पण खोडाच्या भाराने भिंत रोज थोडी थोडी कलत होती. लोकांनी घरच्या करवती आणल्या. त्यांनी खोडाला नुसतं खाजवलं. मावशी मंदिरातल्या बाकावर झोपू लागली. मंडळीने तिच्यासाठी प्रार्थना केली. अहो, करा, जरूर करा. पण माझ्या मुठी कोणी आणणार आहे का?

शेवटी रविवारी मावशीनेच दोघांना दारात अडवलं. "भिंत जायच्या आत मुठी आणा."

"मावशी, मी तयार आहे, पण हा…" उंच म्हणाला.

"आधी याने माझी…" बुटका म्हणाला.

"अरे, तोंडं घरी ठेवून या. ओढायला तोंड लागतं होय?"

आले. अबोलच. मुठी बसवल्या. बुटक्याने रागाने ढकललं, उंचाने हिसका दिला. मी वाकले, अडकले. खोड हललं आणि भिंतीची माती भसाभस खाली आली.

"अरे, माझं घर!" मावशी ओरडली.

दोघे थिजले. मग बुटक्याने हात सैल सोडला. उंचाने ओढलं. मग उंचाने सैल सोडला. खर्र… खर्र… दिवस कलताना खोड अंगणात उतरलं. भिंत उभी होती.

माणसांनो, मला कौतुक नको. तेल लावा आणि माझ्या मुठी माझ्या जागी राहू द्या, एवढंच मागणं आहे.

बुटक्याने पाना उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि उंचापुढे केला. उंचाने तो घेतला. माझा जीव खालीवर. तो माझ्या दुसऱ्या टोकाशी आला. दिवसभराच्या ओढाताणीत बुटक्याची मूठ खिळखिळी झाली होती. ती उंचाने घट्ट आवळली, हलवून पाहिली, पाना तिथेच ठेवला आणि चालू लागला.