सरावाची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दागिने आले असतील, नाहीतर सूर. माझ्याकडे दोन्ही नाहीत. मी चर्चमधली आजाऱ्यांची पेटी. रविवारी उपासनेत पाळक भाकर मोडतात, द्राक्षारसाच्या प्याल्यावर आशीर्वाद मागतात आणि सगळी मंडळी ते प्रभुभोजन घेते. पण जो अंथरुणाला खिळला आहे त्याने काय करायचं? त्याच्या घरी ती भाकर आणि तो द्राक्षारस घेऊन जायचं, हे माझं काम. म्हणजे होतं. आता मी काचेच्या कपाटात असते आणि दर शनिवारी मला मऊ फडक्याने पुसतात. ऐकून तुम्हाला बरं वाटलं असेल. मला वाटत नाही.

माझा जन्म एका मोडक्या बाकातून झाला. चर्चमधला तो बाक ऐन उपदेशात कडकन मोडला होता, कारण त्यावर मंडळीतली तीन सर्वांत वजनदार भावंडं शेजारी शेजारी बसली होती. सुताराने ते सागवान वाया जाऊ दिलं नाही. त्याने मला अंगठ्याने दाबली की उघडणारी पितळी कडी लावली, वर धरायला मूठ बसवली, आत बाटलीसाठी, ताटलीसाठी आणि चार छोट्या प्याल्यांसाठी खाचा कोरल्या. त्याच्या बायकोने आत निळी मखमल शिवली. "आजारी माणूस एक, मग प्याले चार कशाला?" असं तिने विचारलं, तेव्हा सुतार म्हणाला, "अगं, आजाऱ्यापाशी कुणीतरी बसलेलं असतंच की. त्यालाही लागेल." त्या सुताराने कुठला अभ्यासक्रम केला नव्हता, पण मला घडवताना त्याने एवढा विचार केला होता.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. तेव्हाचे थोरले पाळक मला सायकलच्या कॅरियरला दोरीने बांधून गल्ल्यागल्ल्यांतून फिरवत. माझी हाडं खिळखिळी होत, पण तक्रार करायला फुरसत कुणाला होती? खोटं कशाला बोलू, थोरल्या पाळकांचा उपदेश भारी रटाळ असायचा. रविवारी अर्धी मंडळी त्यांच्यापुढे पेंगत असे. पण खाटेपाशी बसले की ते दोन वाक्यांच्या वर बोलत नसत. औषधांच्या बाटल्या बाजूला सारून मला टेबलावर ठेवत, कडी उघडत, आणि खोलीतलं रडणं हळूहळू थांबे. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन भाऊ एकदा आईच्या उशाशी माझ्याच प्याल्यांतून प्यायले. पुढे ते पुन्हा भांडले, ही गोष्ट वेगळी.

आम्ही निघालो की फाटक उघडायला घंटावाले काका उभे असत. चर्चची घंटा वाजवणं हे त्यांचं काम आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवणं हा त्यांचा छंद. "काय, निघाली का वरात?" असं म्हणत ते माझ्या पाठीवर थाप मारत. एकदा मात्र ते थाप मारून थांबले आणि म्हणाले, "साहेब, माझी वेळ येईल तेव्हा हिच्यात काहीतरी उरू द्या बरं का."

"तुझी वेळ आली की मी स्वतः येईन," थोरले पाळक म्हणाले.

पण थोरले पाळकच आधी गेले. त्यांच्यासाठी घंटा काकांनीच वाजवली.

नंतर नवे पाळक आले. माणूस वाईट नव्हता हो! वाईट असता तर मला निदान मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. मंडळी वाढली होती, आजारी वाढले होते आणि पाळक एकटा. त्यांनी उपदेशात सांगितलं, "सेवा करणं हे काही एकट्या पाळकाचं काम नाही. तुमच्यातला प्रत्येक जण सेवक आहे. आपण साध्यासुध्या माणसांना शिकवू, तयार करू आणि घरोघरी पाठवू." मित्रांनो, मी कपाटात होते, पण हे ऐकून मला नाचावंसं वाटलं. आता एका सायकलऐवजी दहा जोडी पाय मिळणार, असा हिशेब मी मनात मांडला.

वर्ग शनिवारी दुपारी मागच्या खोलीत भरू लागला. त्यात इस्त्रीवाली होती, एक गवंडी होता आणि आणखी काही जण. गवंडी उपदेशात कुठेही मोठ्याने "आमेन" म्हणत असे, सूचना वाचून दाखवतानासुद्धा, म्हणून त्याला सगळे आमेनभाऊ म्हणत. इस्त्रीवाली घरोघरी कपडे पोचवायची. ज्या घरात कुणी आजारी असेल तिथे गठ्ठा खाली ठेवून घटकाभर बसायची, पाय चेपून द्यायची आणि तिला सुचेल तशी प्रार्थना करायची. "देवा, याचं जरा बघ रे बाबा, फार दमलाय हा." एवढीच तिची प्रार्थना असे. कुणी शिकवलं नव्हतं, आणि ज्याच्यासाठी केली त्याला ती पुरत होती.

वर्गात पहिल्यांदा तिने हीच प्रार्थना म्हटली. पाळक हसले. कुत्सितपणे नाही, कौतुकानेच हसले. पण गुरुजी हसले म्हटल्यावर वर्ग खो खो हसला. "छान आहे," पाळक म्हणाले, "पण प्रार्थनेला क्रम असतो. आधी उपकारस्तुती, मग पापांगीकार म्हणजे पापांची कबुली, मग विनंती." इस्त्रीवाली कानापर्यंत लाल झाली. त्या दिवसापासून ती प्रत्येक शब्द तोलून मापून बोलू लागली.

आणि माझं काय झालं म्हणता? माझ्या बाटलीत पाणी भरलं आणि ताटलीत बिस्किटाचे तुकडे ठेवले. मी सरावाची पेटी झाले. आमेनभाऊ बाकावर आडवा पडून आजारी व्हायचा आणि बाकीचे त्याच्यावर सराव करायचे. दार किती हळू वाजवायचं, ताटली कुठल्या हातात धरायची, प्याला ओठांना कसा लावायचा. आमेनभाऊ मधेच घोरायला लागायचा आणि बिस्किट जवळ आलं की बरोबर तोंड उघडायचा. हसून हसून पुरेवाट व्हायची. पण सगळ्यांत जास्त वेळ पाळक एकाच धड्यावर घालवत. बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवून नेमणूक करतील तेव्हाच ही कडी उघडायची. त्याआधी नाही, कुणी कितीही गळ घातली तरी नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

एव्हाना घंटावाले काका अंथरुणाला खिळले होते. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत ते सुनेकडे राहत. दर रविवारी घंटा कानावर पडली की ते सुनेला म्हणत, "पेटी कधी येते, विचार ना." सून पाळकांना विचारी. पाळक म्हणत, "वर्ग पूर्ण होऊ दे. पहिली भेट काकांनाच." स्वतः जाऊन देणं पाळकांना जड नव्हतं. पण आपण गेलो तर पाळकच हवा ही लोकांची सवय कशी मोडणार, असं त्यांचं म्हणणं. तत्त्वाचा माणूस, काय करणार!

एका शनिवारी मात्र सगळा वर्ग सरावासाठी काकांच्याच घरी गेला. मला टेबलावर ठेवलं. मला बघताच काकांनी उशीवरून मान उचलली, हात जोडले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. इस्त्रीवालीने बिस्किटाचा तुकडा उचलला, आणि तिचा हात तिथेच थांबला. तिने पाळकांकडे पाहिलं. पाळक काकांच्या कानाशी वाकून म्हणाले, "काका, हे खरं नाही हां. सरावाचं आहे."

काकांनी तोंड मिटलं. मग डोळे उघडून म्हणाले, "मग मी पण सरावाचाच आजारी का?"

सगळे हसले. मला मात्र तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाटलीतलं ते पाणी कुठेतरी ओतून टाकावं असं वाटत होतं, पण पेटीला हात कुठे असतात?

वर्ग संपला. नेमणुकीचा दिवस ठरला आणि पुढे गेला. आधी बिशपसाहेबांना ताप आला, मग त्यांच्या भाचीचं लग्न निघालं, मग कुठलीशी बैठक. "एवढे थांबलो, आता थोडक्यासाठी कशाला घाई?" पाळक म्हणत. अखेर एक रविवार पक्का झाला. त्याच्या आदल्या रविवारी पाळकांनी आशीर्वादित भाकर आणि द्राक्षारस माझ्यात ठेवला, कारण बिशपसाहेबांसमोर पेटी रिकामी दिसायला नको. मला घासूनपुसून चकचकीत करायला त्यांनी इस्त्रीवालीकडे सोपवलं. कितीतरी वर्षांनी माझ्यात खरी भाकर आली होती. तुम्हाला कसं सांगू, मला माझ्या बिजागऱ्यांचा गंजसुद्धा जाणवेनासा झाला.

त्याच आठवड्यात पाळक परगावी गेले. साध्या माणसांना सेवेसाठी कसं तयार केलं, हे इतर पाळकांना सांगायला त्यांना बोलावलं होतं. आणि त्यांचं भाषण होतं त्याच दुपारी काकांची सून धापा टाकत इस्त्रीवालीच्या दाराशी आली. "ताई, लवकर चला. पेटी, पेटी करताहेत."

इस्त्रीवालीने मला छातीशी धरलं आणि ती धावत सुटली. वाटेत आमेनभाऊ कुणाची तरी भिंत बांधत होता, तोही थापी टाकून मागे आला. काकांचा श्वास घशात घरघरत होता. डोळे मात्र माझ्यावर होते.

"आली का?" ते म्हणाले. विचारलं मला, तिला नाही.

"आली हो काका," इस्त्रीवाली म्हणाली.

"मग?"

तिने अंगठा माझ्या कडीवर ठेवला. इस्त्रीने घट्टे पडलेला, राकट अंगठा. मला तो स्पष्ट कळत होता. दाब ना गं बाई, दाब! पण तिने अंगठा काढला आणि फोन उचलला. पाळकांचा फोन बंद होता. तिने पाळकीणबाईंना लावला. "ते भाषण करताहेत," त्या म्हणाल्या. "आटोपलं की लगेच सांगते."

"बाई, तुम्ही सांगा. देऊ का?"

"मी कशी सांगणार गं? मला काय अधिकार?"

आमेनभाऊ सिमेंटचे हात चोळत म्हणाला, "अहो उघडा हो ताई. इथे कोण बघतंय?"

"कुणी बघत नसलं तरी नाही, असं शिकवलंय ना आपल्याला?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "माझ्या हातून चुकीचं घडलं तर? काकांना ते लागू नाही झालं तर?"

मग तिने निदान प्रार्थना तरी करावी म्हणून डोळे मिटले. आधी उपकारस्तुती. ती झाली. मग पापांगीकार, की विनंती? ती अडखळली. पुन्हा सुरुवातीपासून म्हणू लागली, पुन्हा तिथेच अडली आणि गप्प झाली. 'देवा, याचं जरा बघ रे बाबा' एवढं म्हणायचं होतं, मित्रांनो. तेवढंच. पण ते तिच्या तोंडून कुणीतरी हसून काढून घेतलं होतं.

काकांनी ओठ ओले करायचा प्रयत्न केला. "पोरी," ते म्हणाले, "सरावाचं असलं तरी चालेल गं."

ती मला कवटाळून हमसून हमसून रडत राहिली आणि फोनकडे बघत राहिली. माझ्यात भाकर होती. माझ्यात द्राक्षारस होता. चार प्याले होते आणि खोलीत माणसंही बरोबर चार होती. काकांनी माझ्याकडे बघत बघतच प्राण सोडला. सुनेने त्यांचे डोळे मिटले.

त्यानंतर फोन वाजला. पलीकडून चहाच्या कपांचा आवाज येत होता आणि पाळक मोठ्या खुशीत होते. "अहो, द्यायचं ना! काकांना द्यायला माझी कसली हरकत? त्यात एवढं विचारायचं काय?"

इस्त्रीवालीने फोन खाली ठेवला.

रविवारी बिशपसाहेब आले. पाळकांचे डोळे भरून आले होते, ते मी नाकारत नाही. पण त्यांनी सगळ्या मंडळीसमोर सांगितलं, "आमची ही ताई बघा. समोर माणूस जात होता, तरी परवानगीशिवाय कडीला हात लावला नाही. ही खरी तयारी!" त्यावर टाळ्या पडल्या. नेहमी कुठेही आमेन म्हणणारा आमेनभाऊ त्या दिवशी पहिल्यांदाच गप्प बसला. इस्त्रीवाली पुढे आली. तिने मला बिशपसाहेबांपुढच्या टेबलावर ठेवलं आणि एका अंगठ्याने कडी उघडली. किती सहज उघडली! आत भाकर वाळून कडक झाली होती.

"ही घंटावाल्या काकांची," ती म्हणाली. "शिळी झाली." आणि डोक्यावर हात ठेवून न घेताच ती मधल्या वाटेने बाहेर गेली.

ती आता कपडे पोचवते आणि उंबऱ्यावरूनच परत फिरते, असं आमेनभाऊ सांगतो. आजाऱ्यापाशी ती बसत नाही. वर्गाची मात्र दुसरी तुकडी सुरू झाली आहे. शनिवारी मला कपाटातून काढतात, पुसतात, पाणी भरतात, बिस्किट मोडतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला हात जोडून सांगतात, आम्हाला जपा. मी नाही सांगत. मला जपू नका. माझी धूळ राहू द्या, मखमल फाटू द्या, चारही प्याले हरवू द्या. पण पुढच्या वेळी कुणी माझ्याकडे बघून "मग?" असं विचारलं, तर फोन शोधू नका, कडी दाबा. तुमचा सराव दर शनिवारी होतो. माणूस एकदाच मरतो.