मौनीबाबाचा हेवा

श्रीपादच्या पोटात दुखायचं ते एका सुताराला बघून. हा सुतार ते दोघे राहायचे त्या जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनचा नव्हता. कुठल्याशा डोंगरात राहायचा आणि रोज संध्याकाळी देवश्रीच्या लॅपटॉपवर हजर व्हायचा. लाकूड तासायचा, चूल पेटवायचा, मांजराला दूध घालायचा. अर्ध्या तासाच्या व्हिडिओत एक शब्द बोलायचा नाही. श्रीपादने त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं.

देवश्री एका कंपनीच्या तक्रार विभागात दिवसभर फोनवर जर्मन माणसांचं ऐकायची. घरी आली की चहा घेऊन, पाय स्टुलावर टाकून मौनीबाबासमोर बसायची. श्रीपादचं नेमकं उलटं. तो मोटारींच्या कारखान्यात आवाजबंद खोलीत बसून दारांची करकर मोजायचा. तिथे शिंकायचीही चोरी. दिवसभर साठलेलं सगळं तो घरी येऊन ओतायचा. लग्नाआधी याच बोलण्यावर ती भाळली होती. ते ती विसरली की काय, ही त्याची खरी धास्ती होती.

"आत्ता काय एवढं विशेष केलं त्याने?" एकदा त्याने विचारलं. "कढई घासली. मीही रोज घासतो, माझ्याकडे बघून कधी हसलीस?"

"श्रीपाद, फायराबेंड आहे, आजचं काम संपलंय माझं. बघू दे ना. किती निवांत वाटतं."

निवांत! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्याच्या बोटात अंगठी आहे का, हेही त्याने नंतर व्हिडिओ थांबवून बघितलं. नव्हती. मग तर तो आणखीच जळफळला.

बायकोला मुखस्तंभच आवडत असेल तर आपणही होऊ, असं शेवटी त्याने ठरवलं. रविवारी उठला तो तोंडाला कुलूप लावूनच. कांदा चिरला, कणीक मळली, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, सगळं अगदी सावकाश, मौनीबाबाच्या थाटात. देवश्री बघतेय का, हे मधूनमधून चोरून पाहत होता. ती बघत होती. लॅपटॉप मिटलेला होता. जमतंय की, तो मनात म्हणाला.

पण देवश्रीच्या माहेरी माणूस बोलेनासा झाला की त्याचा एकच अर्थ: अबोला धरलाय.

"माझं काही चुकलं का?" तिने विचारलं. त्याने नुसती मान हलवली. "परवा तुझ्या आईचा फोन उचलला नाही, म्हणून?" त्याने पोळी उलटली.

तिचा चेहरा उतरला. "आल्झो... म्हणजे तुला कळलंय."

काय ते विचारायला त्याची जीभ शिवशिवली, पण त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

"तू बोलत असतोस तेव्हा मी कानात इअरबड घालते," ती म्हणाली. "केसांखाली दिसत नाहीत. 'कळलं का?' म्हणालास की ओठांवरून समजतं, मग मान डोलावते. दिवसभर ऐकून कान किटतात रे."

"कधीपासून?" कुलूप निघालंच.

"दिवाळीपासून. रोज."

तव्यावरची पोळी करपली. दिवाळीनंतरच त्याच्या बाबांच्या दुखण्याचा रिपोर्ट आला होता. याच टेबलापाशी त्याने तिला सगळं सांगितलं होतं आणि वर म्हणाला होता, आईला अजून कळू द्यायचं नाही, हे आपल्या दोघांतच ठेव, कळलं का? तिने मान डोलावली होती. तेव्हापासून तिने कधी चकार शब्द काढला नाही, याचं त्याला केवढं कौतुक वाटलं होतं. त्याला आता मौनीबाबाचा नव्याने हेवा वाटला. त्याच्याकडे ती निदान खरंच बघायची.

"काढ ते कानातले," तो म्हणाला.

"घातलेच नाहीत." तिने केस मागे सारून दोन्ही कान दाखवले. "सकाळपासून तू कधी बोलशील याची वाट बघतेय. बोल ना काहीतरी."

त्याने तवा उतरवला. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. इतकी वर्षं कधी अडला नव्हता, पण आज सुरुवात कुठून करावी ते त्याला सुचेना.

"बाबांचा तो रिपोर्ट..." तो म्हणाला.

"कसला रिपोर्ट?" देवश्रीने विचारलं.