लिहिणाऱ्यानेच पुसावे

त्या मंगळवारी माझ्यावर तीन ओळी लिहिल्या गेल्या. पहिली, गुरुवारी दहा ते दोन पाणी बंद. दुसरी, कानातला एक डूल सापडला आहे, बेकरीत विचारा. तिसरी जरा ठळक होती : बसथांब्याबाबत सुनावणी, अठ्ठावीस तारीख, सकाळी अकरा, सर्वांनी यावे. लिहून झाल्यावर दुकानदार संघाचे चिटणीस दोन पावले मागे सरकले, ओळी सरळ आल्या आहेत का ते मान तिरकी करून पाहिले आणि खडूचे हात झटकले. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान समोरच होते. पण दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलीला फोन करायचा, तर ते माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसत. दुकानात गिऱ्हाइके मध्येच बोलतात, असे त्यांचे म्हणणे.

"काय साहेब, जेवण झालं का? ऐक ना, अठ्ठावीसला सुट्टी मिळेल? अगं, भाषण नाही, नुसतं निवेदन वाचायचंय. मी अधिकाऱ्यांपुढे उभा राहिलो की पहिल्याच शब्दावर अडकतो, तुला ठाऊक आहे... नाही म्हणतात? बरं. बरं, राहू दे. तब्येतीला जप."

फोन त्यांनी खिशात ठेवला. मग बस आली, उतरणाऱ्या एका आजींची पिशवी त्यांनी धरली आणि दुकानात निघून गेले.

मित्रांनो, मी बाजारपेठेतल्या दुकानदार संघाचा फळा आहे. बंद पडलेल्या एका दुकानाच्या दाराची फळी संघातल्या सुताराने रंधली, पाटी रंगवणाऱ्याने दोन्ही बाजूंना काळा रंग दिला आणि बाजाराच्या तोंडाशी असलेल्या बसथांब्याच्या छपराखाली मला साखळीने बांधले. वाट पाहणाऱ्या माणसाला वाचायला काहीतरी हवे असते, हे चिटणिसांना कळले होते. माझी पुढची बाजू त्यांची, सूचनांसाठी. मागची बाजू सभासदांची, तक्रारींसाठी.

माझ्या चौकटीवर एक नियम रंगवलेला आहे : लिहिणाऱ्यानेच पुसावे. त्याचीही एक गोष्ट आहे. टेलरकाकांनी एकदा मागे लिहिले होते, गल्लीतला दिवा लागत नाही. चौथ्या दिवशी कुणीतरी ते पुसून टाकले. दिवा काही लागला नव्हता. टेलरकाका कात्री हातात घेऊनच सभेला आले. तेव्हा ठरले, तक्रार ज्याची, फडकेही त्याच्याच हाती. दुसऱ्यांदा लिहिलेली ती तक्रार चौदा महिने माझ्या पाठीवर होती. नगरपालिकेचे अभियंते रोज त्याच बसने येत आणि रोज ती वाचत. शेवटी एका सकाळी त्यांनी स्वतः शिडी आणवली. "माझ्यावरची ती तक्रार तेवढी पुसून टाका हो," ते टेलरकाकांना म्हणाले, "मला बसमधून उतरायची लाज वाटते."

तो काळ माझ्या भरभराटीचा होता. रविवारी रस्ता झाडायचा, डोळे तपासायचे शिबिर, नव्या सभासदाचे स्वागत, सगळे आधी माझ्यावर यायचे. टेलरकाकांची बायको दवाखान्यात होती तेव्हा सभासदांनी त्यांचे दुकान पाळीपाळीने चालवले. हार्डवेअरवाल्याने तर हौसेने सहा सदऱ्यांना काजे केली. त्या काजांतून बटण गेले नाही, पण अंगठा सहज जाई. बेकरीवाल्या मावशी अजून त्याला भर सभेत विचारतात, "काय रे, खिळे ठोकतोस की काजं करतोस?"

पुढे सगळ्यांकडे फोन आले, फोनवर संघाचा ग्रुप निघाला आणि माझ्याकडे कुणी फारसे बघेना. पण सुप्रभातच्या फुलांखाली एकदा पाणी बंदची सूचना गाडली गेली आणि मावशींचे पीठ कोरडेच राहिले. चिटणीस मात्र रोज सकाळी खडू घेऊन येतच होते.

आणखी एक जण माझ्याजवळ बसायची. शाळा सुटल्यावर चिटणिसांची मुलगी या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन वाचत बसे. तिला आई नव्हती. "पाच मिनिटं हं, साहेब," म्हणून चिटणीस सभेला जात आणि ती पाच मिनिटे दिवे लागेपर्यंत चालत. तिने कधी तक्रार केली नाही. ती फक्त एकेक पुस्तक संपवायची. मोठी झाल्यावर याच थांब्यावरून बसमध्ये चढली.

आता हा थांबा बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर न्यायचा, असे नगरपालिकेने ठरवले होते. तिथून बाजार पाऊण तास चालत. पिशवी घेऊन येणाऱ्या आजी मग येणार नाहीत आणि निम्मी दुकाने उठतील, एवढे साधे चिटणिसांना अधिकाऱ्यांसमोर मांडायचे होते.

बुधवारी समोरचे शटर उघडले नाही. दहा वाजता मावशी त्यांच्या घरी गेल्या आणि पदराने डोळे टिपत परत आल्या. चिटणीस झोपेतच गेले होते.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. गुरुवार उलटला तरी माझ्यावर पाणी बंदच होते. डूल हरवलेली बाई केव्हाच येऊन तो घेऊन गेली होती, तरी तो सापडलेलाच होता. नवी सूचना लिहायची तर जुनी पुसायला हवी आणि लिहिणारा तर नव्हता. सभेत विषय निघाला, पण सगळ्यांनी चौकटीकडे बघून मान खाली घातली. मित्रांनो, खरे सांगतो, मलाही ते बरेच वाटले. त्या अक्षरांची मला भूक होती. रोज पहाटे दवाने ती थोडी पुसट होत आणि मी जिवाचा आटापिटा करून त्यांना धरून ठेवी.

तेवीस तारखेला दुपारी, बातमी कळून आलेल्या मुलीने दुकान उघडले. दुरुस्तीला आलेली घड्याळे ज्याची त्याला परत द्यायची होती. शटरखालून आत सरकवलेले नगरपालिकेचे एक पत्र तिच्या पायाखाली आले. सुनावणी अलीकडे आणली होती, चोवीस तारीख, सकाळी अकरा. म्हणजे उद्याच.

टेलरकाकांनी लगेच ग्रुपवर टाकले. पाच मिनिटांत फोन सुरू झाले. "फळ्यावर तर अठ्ठावीस आहे. चिटणीस चुकायचे नाहीत." दुधवालाही तेच म्हणाला, चष्मेवालाही तेच.

त्या सुनावणीत काय झाले ते सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी एकतीस जण गेले. मुलीने निवेदन वाचले. वर्षभर थांबा हलवायचा नाही, असे ठरले. पुढच्या वर्षी पुन्हा जावे लागेल. म्हणून मित्रांनो, तुमच्या रस्त्यावर असा एखादा फळा असेल तर जाता-येता वाचत जा. आणि तो रोज पुसणारा माणूस घरी कधी जातो, हेही एकदा त्याला विचारा.

पण माझे मन अडकले आहे ते आदल्या संध्याकाळी. मुलगी ओले फडके घेऊन माझ्यापुढे उभी होती. शेजारी टेलरकाका, मावशी आणि हार्डवेअरवाला.

"नियम आहे गं पोरी," टेलरकाका म्हणाले. "माझ्यामुळेच झालेला. माझा हात नाही उचलायचा."

"आपण दुसरा फळा आणू," हार्डवेअरवाला म्हणाला. "माझ्याकडे प्लायवूड आहे."

"तुझं प्लायवूड तुझ्या काजांना लाव," मावशी म्हणाल्या आणि फडक्यासाठी हात पुढे केला. "दे बाई, मी पुसते. तू तिकडे बघ."

"नको मावशी."

तिने पाणी बंद पुसले. डूल पुसला. तिसऱ्या ओळीपाशी हात थांबला. फडक्यातले पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. माझ्या इतक्या जवळ ती लहानपणीही कधी आली नव्हती. थांब्यावर बसची वाट पाहणारी पाच-सहा माणसे होती.

मग ती बोलली. हळू नाही, चांगले मोठ्याने, सगळ्यांदेखत, त्या ओळीकडे बघत.

"बाबा, मी सुट्टी मागितलीच नव्हती. मिळत नाही असं तुम्हाला खोटंच सांगितलं. दरवेळी तुम्ही संघासाठी बोलवायचात. काहीही काम नसताना, नुसतं 'ये' म्हणून एकदा बोलवाल, याची मी इतकी वर्षं वाट बघत होते. मी धावत आले असते, बाबा."